चपल, चप्पल नव्हे: एका कागदी युद्धनौकेचं सव्वा वर्ष

बेळगावात दिवाळीचे किल्ले पोरांच्या नावावर खपतात, पण माती कालवत बसलेले असतात बाप आणि काके. २०२३ च्या दिवाळीत आमच्या वडगावातल्या अंगणात मी सिंधुदुर्ग केला होता. निळ्या प्लास्टिकचा समुद्र, बुरूज, पद्मगडसुद्धा. पुतणीने कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि विचारलं, "काका, आरमार कुठाय की?"

वहीच्या कागदाच्या सहा होड्या करून सोडल्या. रात्रीच्या दवाने सकाळपर्यंत त्यांचे पापड झाले. त्या रात्री मोबाइलवर "कागदाची जहाजं" शोधत बसलो आणि मग पहाटे दोनपर्यंत जागा होतो. जाड कागदावर छापलेले भाग कापून, वळवून, चिकटवून लोक अख्ख्या युद्धनौका बांधतात. पोलंडमध्ये १९५७ साली ह्या छंदाचं मासिकच सुरू झालं. तिथली जहाजं बहुधा १:२०० मापात असतात, जर्मन लोकांची १:२५० मध्ये. हजार-दीड हजार तुकडे, आणि कात्रीऐवजी शस्त्रक्रियेचं पातं.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर वर्नियर आणि मायक्रोमीटर हातात. मापाच्या कामाला आपण घाबरत नाही, असं तेव्हा वाटलं. ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी माझे कुठे कुठे हात पोळले ते क्रमाने लिहितोय.

जहाज निवडणं आणि मागवणं

गोकर्णला जाताना कारवारच्या टागोर समुद्रकिनाऱ्यावर आयएनएस चपल पाहिली होती. नाव चपल, म्हणजे आपलं चपळ. क्षेपणास्त्र डागणारी छोटी वेगवान नौका, २००५ मध्ये निवृत्त झाली आणि आता संग्रहालय म्हणून वाळूवर उभी आहे. लांबी ३८.६ मीटर. १:१०० मध्ये केली तर ३८.६ सेंटिमीटर, म्हणजे टीव्हीच्या कपाटावर मावेल. जुनी विमानवाहू विक्रांत त्याच मापात केली असती तर दोन मीटरच्या वर गेली असती आणि मला घराबाहेर झोपावं लागलं असतं.

चपलची जात "ओसा", म्हणजे गांधीलमाशी. सोव्हिएत बनावटीच्या ह्या नौका पोलंडच्या नौदलातही होत्या, त्यामुळे तिकडे तिचा कागदी संच १:१०० मध्ये मिळाला. ८ जानेवारी २०२४ ला मागवला. संच १,२५० रुपये, टपाल १,४००.

२२ जानेवारीला पार्सल भारतात आलं आणि गप्प बसलं. दहा दिवसांनी मोबाइलवर संदेश आला: ओळखपत्र, खरेदीची पावती आणि वस्तूचं वर्णन द्या. पाठवणाऱ्याने पाकिटावर नुसतं "युद्धनौका" असं लिहिलं होतं. वर्णनाच्या चौकटीत मी लिहिलं, "छापील कागद, १४ ताव, कापून चिकटवण्यासाठी, वैयक्तिक वापर." पावती पोलिश भाषेत होती ती परत आली, मग विक्रेत्याकडून इंग्रजी पावती मागवली. त्यात आणखी सहा दिवस. तुम्ही मागवणार असाल तर पैसे भरतानाच विक्रेत्याला सांगा, इंग्रजी पावती पाकिटाच्या बाहेर लाव आणि वर्णनात "छापील कागद" लिही. खोटं काही नाही त्यात.

२१ फेब्रुवारीला पोस्टमन दारात. "अण्णा, ड्युटी अदं. दोन साविर नलवत्तेंटु." दोन हजार अठ्ठेचाळीस, रोख. बायकोने पाकीट हातात घेऊन वजन केलं, मग बेरीज केली.

"चार हजार सहाशे अठ्ठ्याण्णव रुपयांचा कागद? नाव काय म्हणालात बोटीचं?"

"चपल."

"एवढ्यात चार जोड आले असते."

पहिली चूक: सत्त्याण्णव टक्के

मूळ तावांना हात लावायचा नाही, आधी झेरॉक्सवर सराव करायचा, एवढं वाचून ठेवलं होतं. रंगीत प्रती काढून आणल्या. पातं आणायला मेडिकलमध्ये गेलो: ३ नंबरची मूठ, ११ नंबरची पाती. दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं. "कशाला पाहिजे?" "बोट कापायला," म्हणालो. त्याने पाती आत ठेवली. मोबाइलवर जहाजाचा फोटो दाखवल्यावर मिळाली.

ग्रंथबांधणीवाल्याकडून एक मिलिमीटरचा करडा पुठ्ठा आणला. सांगाडा असा असतो: मध्ये उभा कणा, त्यात खाचा, खाचांत आडव्या चकत्या. अंड्यांच्या खोक्यातल्या जाळीसारखं. प्रतीवरचे भाग पुठ्ठ्यावर चिकटवले, कापले, खाचेत खाच बसेना. पुठ्ठा एक मिलिमीटरचा, खाच त्याहून अरुंद. दोन संध्याकाळी खाचा तासत बसलो. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. तावाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची पट्टी छापलेली असते, तिला वर्नियर लावलं: ९७. प्रिंटरने "पानात बसवा" म्हणून चित्र आपोआप लहान केलं होतं. दिवसभर दुसऱ्यांचा माल नापास करणारा मी, स्वतःचा माल न मोजता कापत बसलो होतो.

तेव्हा प्रती काढताना "१०० टक्के, मूळ आकार" असं सांगा आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी ती पट्टी मोजा. तिथेच.

मार्चमध्ये खरा सांगाडा उभा राहिला. कागद पुठ्ठ्यावर चिकटवताना पांढरा डिंक जास्त झाला की पुठ्ठा तळलेल्या पापडासारखा वळतो. पातळ थर द्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि रात्रभर वजनाखाली. आमच्याकडे पाटा-वरवंटा अजून आहे, त्याचा इतका उपयोग गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता.

एक सांगायचं राहिलं. वडगावात घराला घर लागून यंत्रमाग आहेत. माग चालू असला की माझं टेबल थरथरतं. मोठ्या कामाला काही होत नाही, पण चिमट्यात दोन मिलिमीटरचा तुकडा धरला असेल तर तो नेमका भलतीकडे चिकटतो. म्हणून बारीक काम मी लाईट गेली की करायचो. माग थांबले, गल्ली शांत, डोक्याला बॅटरी. सगळी गल्ली वैतागलेली आणि मी एकटाच खूश.

कारवार, पहिली फेरी

एप्रिलअखेर सांगाड्यावर डेक बसला, पुढची छोटी केबिन झाली आणि क्षेपणास्त्रांच्या चार पेट्यांपैकी दोन तयार झाल्या. छान चौकोनी, गोलसर छपराच्या, गॅरेजसारख्या. एका पेटीला आठ दिवस लागले होते.

१ मे, कामगार दिनाची सुट्टी. पहाटेच्या बसने कारवार गाठलं. नुसती बघायची, रंग टिपून घ्यायचा, एवढाच बेत. किनाऱ्यावर पोचलो, वर पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. चपलच्या पेट्या चौकोनी नाहीत. लांबलचक गोल नळ्या आहेत, अंगावर कड्या-कड्या असलेल्या.

घरी येऊन वाचल्यावर उलगडा झाला. ओसाच्या दोन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीत क्षेपणास्त्राचे पंख पसरलेलेच असायचे, ते मावायला मोठी पेटी लागायची. पुढे घडीच्या पंखांचं क्षेपणास्त्र आलं आणि पेटीची नळी झाली. १९७१ साली ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर ह्या पहिल्या पिढीतल्या. त्या हल्ल्याची आठवण म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. चपल दुसऱ्या पिढीतली, नौदलात आली १९७६ मध्ये. माझा पोलिश संच पहिल्या पिढीचा होता. इंजिनंसुद्धा वेगळी: पहिलीत ४२ सिलिंडरची, दुसरीत ५६ सिलिंडरची, तारेच्या आकारात सात ओळींत मांडलेली, आणि अशी तीन-तीन. उद्यमबागेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून रात्री झोप येत नाही, पण बोटीच्या पोटातलं ते कागदावर दिसत नाही, म्हणून सोडून देतो.

किनाऱ्यावर माझ्या शेजारी एक गृहस्थ मुलाला सांगत होते, "हिनेच कराची जाळली बघ." तेव्हा मीही मान डोलावली होती.

आता दोन रस्ते होते. संच आहे तसा बांधायचा आणि निर्घात म्हणायचं. सोपा रस्ता, वर १९७१ चा मान. किंवा नळ्या स्वतः आखायच्या. चार दिवस काहीच केलं नाही. मग त्या दोन पेट्या पुतणीला देऊन टाकल्या. निर्घात मी पाहिलेली नाही, चपलच्या पोलादाला हात लावून आलो होतो. कारण एवढंच.

अर्ज आणि अर्जी

नळ्या आखायच्या तर माप हवं. १ मेला खिशातून टेप काढला तेव्हाच तिथल्या माणसाने अडवलं होतं. "अळते माडबेकंद्रे अर्जी कोडी." आपल्याकडे अळता पायाला लावतात, कन्नडमध्ये अळते म्हणजे मापं. मापं घ्यायची तर अर्ज द्या. मराठीत अर्ज, कन्नडमध्ये अर्जी, फरक एका वेलांटीचा. पण त्या वेलांटीखालचा मजकूर लिहायला शेजारच्या निवृत्त मास्तर अण्णांकडे जावं लागलं. बोलायला मला कन्नड येतं, लिहायला गेलो की हात थांबतो. अण्णांनी चष्मा पुसला, विचारलं, "कागदाची बोट? ह्या वयात?" आणि सुरेख अक्षरात पान भरून दिलं.

अर्जात हे घातलं: मी कोण, कशासाठी मापं हवीत, नेमके कुठले सहा भाग मोजणार त्यांची यादी, शिडी लावणार नाही, रंगाला ओरखडा येऊ देणार नाही, विक्रीसाठी वापर नाही. सोबत आधारची प्रत आणि अर्धवट मॉडेलचा फोटो. अर्ज कुठे द्यायचा तेही आधी फोन करून विचारून घ्या. मला तिसऱ्या फोनला नीट कळलं. १० जूनला स्पीडपोस्टने पाठवला. ऑगस्टमध्ये विचारलं तर, पाऊस ओसरल्यावर या म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, कारवारच्या पावसात टेप धरून मी काय मोजणार होतो? २३ सप्टेंबरला होकार आला. फोटो बघूनच हो म्हटलं, असं नंतर कळलं. तेव्हा फोटो जोडाच.

पावसाळा

इथलाही पाऊस काही कमी नाही. जून ते ऑगस्ट भिंतीला ओल, मिठाला पाणी, चपातीच्या डब्याला वास. जुलैत मी बोटीची बाजू चढवायला घेतली, हा निव्वळ उतावीळपणा. सांगाड्यावर कागदाची कातडी ताणून बसवली, रात्री छान दिसली. चार दिवसांनी कातडी दोन-दोन चकत्यांच्या मध्ये आत बसली आणि एकेक चकती मोजता येऊ लागली. उन्हाळ्यातल्या उपाशी म्हशीच्या बरगड्या जशा. बायको म्हणाली, "हिला चारा घाला."

खरं म्हणजे उपाय तोच होता. कातडी सोलून काढली. चकत्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत थर्माकोलचे तुकडे भरले, चकत्यांच्या कडेबरोबर घासून घेतले. त्यावर आधी साध्या कागदाच्या पट्ट्यांचा एक थर आणि मग छापील कातडी. ती मूळ तावातली गेलीच होती. नशिबाने प्रत होती, ह्या खेपेला १०० टक्क्यांची. बाजूंना पाण्याचा डिंक न वापरता चपला चिकटवायचा पिवळा डिंक वापरला. चपलला चपलेचा डिंक, हा विनोद घरात महिनाभर चालला.

पावसाळ्यात करण्यासारखं काम म्हणजे छोटे भाग कापून डबीत ठेवणं. आणि कडा रंगवणं. कागद कापला की पांढरी कड उघडी पडते, लांबून सगळं जहाज खडूने गिरवल्यासारखं दिसतं. प्रत्येक तुकड्याच्या कडेवर करड्या जलरंगाचा हात फिरवायचा, चिकटवण्याआधी. कंटाळवाणं आहे, पण मला विचाराल तर निम्मं सौंदर्य तिथेच आहे.

कारवार, दुसरी फेरी

१९ ऑक्टोबर, शनिवार. होकाराचं पत्र, त्याच्या दोन प्रती, टेप आणि एक लाकडी काठी जिच्यावर मी दर १० सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवला होता. सोबत कुंदा, कामासाठी नव्हे, मोकळ्या हाताने जायची सवय नाही म्हणून.

हाताला येईल ते टेपने मोजलं. जे उंचावर होतं त्याच्याजवळ, त्याच पातळीत, काठी धरून फोटो काढले. जितकं लांब जाऊन झूम करून काढाल तितकं माप कमी फसवतं. जवळून काढलेल्या फोटोत जवळचं टोक फुगतं. तिथला एक कर्मचारी आपणहून काठी धरायला आला आणि तासभर थांबला. शेवटी म्हणाला, "इथे सगळे सेल्फी काढतात, टेप घेऊन आलेले तुम्ही पहिलेच." शेजारी तुपोलेव्ह टीयू-१४२ हे प्रचंड विमानही आता उभं आहे, काठी धरून तो हसत म्हणाला, "अदू माडती?" म्हणजे तेही करणार का. मी विषय बदलला.

नळीचं गणित सोपं वाटतं: व्यास गुणिले ३.१४, वर चिकटवायला ३ मिलिमीटर. पण कागदाला जाडी असते. पाव मिलिमीटरचा कागद दोन वेढे घेतला की बाहेरचा व्यास एक मिलिमीटरने वाढतो, १:१०० मध्ये म्हणजे खऱ्या बोटीवर १० सेंटिमीटर. म्हणून आतल्या वेढ्याचा हिशेब वेगळा केला. वळवायला कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या ड्रिलच्या दांड्या वापरल्या. त्यांचा व्यास नेमका माहीत असतो, हा आमच्या धंद्याचा एक फायदा. कागद आधी टेबलाच्या कडेवरून ओढून मऊ करायचा, मग दांडीवर. कड्या म्हणजे एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. चार नळ्यांना अकरा दिवस लागले, तीन नळ्या फेकल्या.

दिवाळी आली तेव्हा बोटीला मास्ट नव्हता, कठडे नव्हते. तशीच पुतणीने सिंधुदुर्गाच्या समुद्रात तासभर ठेवली, खाली ताट घालून. मी शेजारी उभा होतो, पिचकारी घेऊन येणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवत.

कठडे

कठड्यांना शिवणाचा सुती दोरा वापरू नका. बारीक लव असते त्याला, १:१०० मध्ये ती लव म्हणजे दोरखंडाला फुटलेले केस. शेजारच्या मागावरून पॉलिस्टरचं फिलामेंट सूत मागून आणलं, गुळगुळीत आणि केसाइतकं बारीक. खांबांना आणि तोफांच्या नळ्यांना मोटार वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची टाकाऊ तार, फुकट. खांब टोचायचे, सूत ताणायचं, प्रत्येक सांध्यावर सुईच्या टोकाने डिंकाचा ठिपका. डिसेंबर आणि जानेवारी त्यातच गेले. एका रविवारी शिंक आली आणि डाव्या बाजूचे नऊ खांब आडवे झाले. त्या दिवशी सगळं बंद करून पिक्चर बघायला गेलो, आणि पंधरा दिवस टेबलाकडे फिरकलो नाही. असे पंधरा दिवस घ्यायला हरकत नसते.

२ मार्च २०२५ ला मागच्या काठीला झेंडा चिकटवला. फिशटँक बनवणाऱ्याकडून काचेची पेटी करून घेतली, १,४०० रुपये. आत औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या आणि कसर लागू नये म्हणून लवंगा ठेवल्यात. डांबरगोळीचा वास बायकोला चालत नाही. हत्यारं, डिंक, पुठ्ठा मिळून ९०० गेले, कारवारच्या दोन फेऱ्यांना १,८००. सगळं धरून ८,७९८ रुपये. घरात सांगितलेला आकडा वेगळा आहे.

पेटी बंद करण्याआधी सवयीने वर्नियर काढलं, मग ते पुरेना म्हणून पोलादी पट्टी. टोकापासून टोकापर्यंत ३८.४ सेंटिमीटर. हवी होती ३८.६. सगळे कागद काढून दोनदा हिशेब लावला. दोन मिलिमीटर कुठे गेले ते अजून सापडलेलं नाही.